तिला काय वाटलं असेल?



आपल्या सौंसरच्या रविवारच्या बालवर्गात मागे माझ्याकडून एक चूक झाली. तीन-चार आठवडे ती मनात घोळत होती. ग्रुपवर सांगावी की नाही, ठरत नव्हतं. पण स्वतःची चूक झाकून दुसऱ्यांच्या लेकरांना संस्कार शिकवायचे, हेही बरं नाही. म्हणून लिहिते आहे. थोडं लांबेल, दुपारची कामं आटोपली की निवांत वाचा.

वर्गात आम्ही गोष्टी वाचतो. सगळी मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी शाळेत जाणारी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नव्यानं रचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून घरात मराठी आणि बाहेर हिंदी अशी आपली रीत पडली. मुलं मराठी फडाफडा बोलतात, पण वाचायला दिली की अडखळतात. म्हणून प्रत्येकानं पाळीपाळीनं चार-चार ओळी मोठ्यानं वाचायच्या, असा नेम ठेवला आहे.

त्या रविवारी एकलव्याची गोष्ट होती. मातीची मूर्ती, एकट्यानं केलेला अभ्यास, कुत्र्याचं तोंड बाणांनी बंद करणं, आणि शेवटी कापून दिलेला अंगठा. वाचून झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला, "मग या गोष्टीतून आपण काय शिकलो?" मुलांना उत्तर पाठच असतं. सगळी एका सुरात ओरडली, "गुरुभक्ती!"

मी पुस्तक मिटणार, तेवढ्यात सहावीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "काकू, द्रोणाचार्यानं तर त्याले शिकवलंच नाही. वापस पाठवून देल्लं. मंग दक्षिणा कायची मांगली?"

एक-दोन मुलं हसली. मी म्हटलं, "गुरूबद्दल असं बोलू नये बेटा, पाप लागते." तो बसला. बाकीचीही चूप झाली. मला वाटलं, वर्गाला चांगली शिस्त आहे. शिऱ्याचा प्रसाद वाटला आणि घरी आले.

संध्याकाळी मेथी निवडत होते तेव्हा ते टोचायला लागलं. त्या मुलाच्या बोलण्यात उद्धटपणा कुठं होता? त्यानं गोष्ट माझ्यापेक्षा नीट वाचली होती, एवढंच. मी आजवर ती पन्नास वेळा तरी सांगितली असेल. शिकवलं नाही तर दक्षिणा कशाची, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि ज्याच्या आलं त्याला मी पापाची भीती घातली.

मग मी आमच्याकडच्या जुन्या मराठी भाषांतरातून महाभारताचं आदिपर्व काढलं. तिथं गोष्ट वेगळीच निघाली. म्हणजे गोष्ट तीच, पण मुलांच्या पुस्तकातून तिचा एक तुकडा गळालेला. एकलव्याचं कसब पाहून अर्जुन द्रोणांकडे जातो आणि त्यांना त्यांच्याच शब्दाची आठवण देतो, की माझ्यापेक्षा वरचढ तुमचा एकही शिष्य होणार नाही असं तुम्ही म्हणाला होता, मग हा कोण? त्यानंतर द्रोण जंगलात जातात आणि अंगठा मागतात. एकलव्य हसतमुखानं देतो. आणि पुढं व्यास काय सांगतात, तर अर्जुनाची काळजी मिटली, तो खूश झाला. द्रोणांचं तिथं कौतुक नाही. गुरुभक्तीचं प्रवचनही नाही. एकानं काय दिलं, दुसऱ्यानं काय मागितलं आणि तिसऱ्याला कसं बरं वाटलं, एवढं समोर ठेवून व्यास पुढच्या गोष्टीला लागतात. ठरवायचं आपण. सहावीतल्या पोरानं जे विचारलं ते विचारायला व्यासांनी जागा सोडली होती. ती बुजवली आपण, तात्पर्य लिहून लिहून.

एकलव्याची निष्ठा यानं कमी होत नाही, उलट मला तर ती मोठी वाटते. पण शिष्य मोठा होता म्हणून गुरूचं मागणं बरोबर होतं, असं कसं म्हणता येईल? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इतकी वर्षं मी त्यांची एकच मोट बांधत होते.

हे वाचता वाचता मला माझी शाळा आठवली. माझं माहेर पांढुर्ण्याचं. आठवीत असताना मराठीच्या गुरुजींनी निबंध दिला होता, 'आमच्या गावची गोटमार'. बाहेरगावच्या आणि परदेशातल्या गुरुबंधूंसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधल्या जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात. मग दोन्ही काठांवरून दोन्ही गावचे लोक एकमेकांवर गोटे मारतात आणि झेंडा मिळवायला धडपडतात. शेवटी ते झाड चंडीमातेच्या देवळात नेतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनानं गोट्यांच्या ऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, मनाईचे हुकूम काढले, पण लोक फिरून गोट्यांवरच येतात.

यामागची म्हणून जी गोष्ट सांगतात ती आपल्या भागात लहान पोरालाही माहीत आहे. पांढुर्ण्याचा एक मुलगा आणि सावरगावची एक मुलगी. दोघं पळून निघाले, नदीच्या मध्यात आले आणि मुलीकडच्या लोकांनी गोटे मारायला सुरुवात केली. मुलाकडचे धावून आले, त्यांनी उलट गोटे मारले. दोन्हीकडच्या माऱ्यात ते दोघं तिथंच संपले. त्यांची आठवण म्हणून ही गोटमार. आणखीही एक-दोन कथा सांगतात, पण लोकांच्या तोंडी जास्त हीच.

निबंधात मी हेच सगळं छान अक्षरात लिहिलं. परंपरा, शौर्य, गावाचा अभिमान, सगळं घातलं. वही परत आली तर गुण दिलेलेच नव्हते. समासात लाल शाईनं एक ओळ होती, 'या गोष्टीतल्या मुलीला काय वाटलं असेल?'

मी चक्रावले. मुलीला? गोष्टीत ती मुलगी फक्त पळते आणि मरते. तिचं नावसुद्धा कोणी सांगत नाही. मी घरी येऊन आईला विचारलं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. वर न पाहता म्हणाली, "तिले काय वाटन? पोरीच्या जातीले कोन इचारते?"

तेव्हा मला ते उत्तर वाटलं नाही, आता वाटतं. त्या एका वाक्यात आईचं स्वतःचं लग्न होतं, तिची सुटलेली शाळा होती, सगळंच होतं.

गुरुजींनी गोटमार वाईट आहे असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आम्ही पोरं त्यांच्यावरच चिडलो असतो, की हे बाहेरून आलेले, यांना आमच्या गावचं काय कळते. त्यांनी फक्त गोष्ट परत वाचायला लावली, आणि ज्या माणसाकडे कोणी पाहत नव्हतं त्याच्याकडे पाहायला लावलं. त्यानंतरच्या पोळ्याला मी गच्चीवरून गोटमार पाहायला गेले, पण दरवर्षीसारखी मजा आली नाही. त्याच वर्षी माझ्या मोठ्या भावाला भुवईच्या वर गोटा लागला. टाके पडले. त्यानं ती खूण आजवर मोठ्या तोऱ्यानं मिरवली आहे. मी दर राखीला त्याच खुणेखाली कुंकू लावते आणि दर वेळी माझा हात जरा थांबतो. पण त्याला मी कधी काही विचारलं नाही. घरातल्या माणसाला प्रश्न विचारणं सगळ्यात कठीण.

म्हणजे बघा, मला ज्यानं उभं केलं तो एका शिक्षकाचा प्रश्न होता, आणि स्वतः शिकवायला बसले तेव्हा मी लेकराचा प्रश्न खाली बसवला. ही ती चूक.

हे मी आपल्या एका वडीलधाऱ्या सेवेकरी ताईंना सांगितलं. त्यांचा मला फार आदर आहे, वर्गाची जबाबदारीही त्यांनीच दिली. त्या काळजीनं म्हणाल्या, "अगं, आज ही पोरं द्रोणाचार्यांवर बोट ठेवतील, उद्या आपल्या गुरूंवर ठेवतील. श्रद्धेला तडा गेला की माणूस कुठला राहत नाही." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. श्रद्धेनं माणसं कशी तगतात हे आपण सगळ्यांनी घरोघरी पाहिलं आहे. माझ्या यजमानांच्या आजारपणात मी स्वतः पाहिलं आहे. पण चार दिवस विचार केल्यावर मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते ताईंनाही सांगितलं.

आपण रोज ज्या गीतेचा अध्याय म्हणतो ती सगळी एका शिष्याच्या प्रश्नांवर उभी आहे. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच अर्जुन भगवंताकडे चक्क तक्रार करतो, की तुमच्या बोलण्यानं माझा गोंधळ होतो आहे, एक काय ते नक्की सांगा. आपल्या घरात कोणी सासऱ्यांना असं म्हटलं तर काय होईल? चौथ्या अध्यायात ज्ञान कसं मिळवावं ते सांगताना नमस्कार आणि सेवा यांच्या जोडीनं 'परिप्रश्न' आला आहे. परि म्हणजे सगळ्या बाजूंनी. आपण नमस्कार घेतला, सेवा घेतली, मधला शब्द गाळला. आणि अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, भगवंत म्हणतात की यावर पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ऐकच, असं म्हणत नाहीत.

हे झालं कुरुक्षेत्रावरचं. आपल्या अगदी जवळचं सांगू? पांढुर्ण्याहून वरूड, मोर्शीकडे उतरलं की रिद्धपूर येतं. महानुभावांचं मोठं ठिकाण, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालं आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधर स्वामींच्या शिष्यांत महदाइसा नावाची बाई होती. लहानपणीच विधवा झालेली. त्या काळात अशा बाईनं कोपऱ्यात बसून राहायचं, पण ही सतत प्रश्न विचारायची. हे असं का, ते तसं कसं, या कथेचा अर्थ काय. लीळाचरित्रात तिचे कितीतरी प्रश्न नोंदलेले आहेत. स्वामींनी तिला कधी 'चूप बस' म्हटलं नाही, उलट जिज्ञासक म्हणून तिचं कौतुक केलं. तीच पुढं 'धवळे' रचून मराठीतली पहिली कवयित्री म्हणून ओळखली गेली. तिनं विचारलं नसतं तर स्वामींची कितीतरी उत्तरं आपल्यापर्यंत पोचलीच नसती, हे तर साधं आहे. उत्तर निघायला आधी कोणी विचारावं लागतं.

आणि ते लीळाचरित्र लिहिणारे म्हाइंभट. ते मुळात स्वामींशी वाद घालायला आलेले पंडित, मग शिष्य झाले. स्वामी गेल्यावर त्यांच्या आठवणी जमवायला ते माणसामाणसाकडे फिरले. तू स्वतः पाहिलंस का, कोणी सांगितलं, नेमकं काय म्हणाले. दोघांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला तर दोन्ही पाठ नावानिशी लिहून ठेवले. सातशे वर्षांहून जास्त झाली या गोष्टीला. आणि आपण? आपल्याच ग्रुपवर 'गुरुदेव असं म्हणाले' म्हणून रोज चार फॉरवर्ड येतात. कोणी ऐकलं, कधी, कुठं? मीही बिनविचारता पुढं ढकलले आहेत. एक तर असा निघाला की ते वाक्य गुरुदेवांचं नव्हतंच. म्हाइंभटांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

शाळेनं काय होतं त्याचंही एक उदाहरण देते, कारण ते प्रत्येक मुलीला माहीत असायला हवं असं मला वाटतं. पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. मांग समाजाची, वय चौदाच्या आसपास, शिक्षण झालेलं सगळं मिळून तीन वर्षांचं. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' मध्ये दोन भागांत छापून आला. त्यात तिनं देवालाच विचारलं आहे. वेद हे फक्त ब्राह्मणांचे आणि आम्हाला ते पाहण्याचीही मनाई, तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता? आमचा धर्म कोणता, ते आम्हाला कळव. आमच्या बायका उघड्यावर बाळंत होतात, त्यांचे हाल कोण जाणतो, हेही तिनं लिहिलं.

मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं, तरी हे वाचायला मला पन्नाशी गाठावी लागली. वाचून मी बराच वेळ बसून राहिले. माझ्या आठवीतल्या निबंधात परंपरा आणि अभिमान होता, आणि साधारण त्याच वयाच्या मुलीच्या निबंधात हे. पण मग असंही वाटलं, की तिला शिकवणाऱ्यांनी काय वातावरण दिलं असेल! तीन वर्षांत अक्षरं, बेरीज-वजाबाकी होते. विचारायचं धाडस तेवढ्यात येत नाही, जर समोर बसलेल्या बाईंनी पहिल्याच प्रश्नाला 'पाप लागते' म्हटलं तर.

आता ताईंच्या काळजीतला खरा भाग. सगळेच प्रश्न सारखे नसतात, हे मलाही मान्य आहे. आपल्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून करतात तो वाद, जिंकायचंच म्हणून करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणं ही वितंडा. फॅमिली ग्रुपवर निवडणुकीच्या दिवसांत जे चालतं ते बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचं, आमच्या घरचे भाऊजी त्यात तरबेज आहेत. (भाऊजी, वाचत असाल तर रागवू नका, पुरणपोळी खाऊ घालीन.) पण लेकराचा प्रश्न वितंडा नसतो. त्याला जिंकायचं नसतं. गोष्टीत एक भोक दिसलं, त्यानं बोट घालून दाखवलं. तिथं त्याचं बोट झटकलं की दोनच गोष्टी होतात. एक तर ते विचारणं सोडतं आणि सगळ्याला मान डोलवतं. नाहीतर मोठं झाल्यावर सगळंच खोटं म्हणून फेकून देतं, गोष्टही, गुरूही आणि आपल्यालाही. पुण्या-बंगलोरला नोकरीला गेलेली आपली कितीतरी मुलं आज घरी आली की सत्संगाला येत नाहीत. त्यांनी श्रद्धा सोडली असं आपण म्हणतो. त्यांनी सातवी-आठवीत काय विचारलं होतं आणि आपण काय उत्तर दिलं होतं, ते आठवून पाहिलं का?

पुढच्या रविवारी मी वर्गात त्या मुलाला पुढं बोलावलं. तो घाबरला, त्याला वाटलं रागावणार. मी सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर होता, मी तुला उगाच गप्प केलं, आणि मला त्याचं उत्तर येत नाही. मग आदिपर्वातला तो भाग वाचून दाखवला. अर्जुनाचं बोलणं ऐकल्यावर जो गलका झाला की विचारू नका! एक मुलगी म्हणाली, "अर्जुन चहाडखोर हाय." दुसरा म्हणाला, नाही, सरांनी प्रॉमिस केलं होतं तर त्यांनी पाळायलाच पाहिजे. तिसऱ्याचं म्हणणं, मग प्रॉमिस अर्जुनानं सोडून द्यायचं होतं. एक जण म्हणाला की मी एकलव्य असतो तर डाव्या हाताचा अंगठा दिला असता. तो प्रश्न विचारणारा मुलगा मात्र काही बोलला नाही, नुसता ऐकत होता. प्रसाद घेताना हळूच म्हणाला, "काकू, मले वाटलं तुमी मले वर्गातून काढसान."

आता पोळा जवळ येतो आहे. माझा भाचा या वर्षी अठरा पूर्ण करतो, आणि गोटमारीत उतरणार म्हणून घरात आत्तापासून ऐट सुरू आहे. भावाला फोन केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, संत्र्याचा बहार कसा आहे ते झालं. मग मी म्हटलं, दादा, एक विचारू? तू इतकी वर्षं नदीत उतरला, त्या गोष्टीतल्या पोरीचा कधी विचार केला का, की तिला त्या वेळी काय वाटलं असेल? आपल्याच बापाचे, भावाचे गोटे येऊन राहिले होते तिच्यावर.

तिकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग दादा म्हणाला, "बाई, तिचं नाव काय होतं वं?"

मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, पोराशी बोलतो. काय बोलतो आणि पोरगा काय ऐकतो, ते पोळा झाल्यावरच कळेल.

येत्या रविवारी वर्ग सकाळी नेहमीच्याच वेळी आहे. वाचायला श्रावणबाळाची गोष्ट घेतली आहे. आई-वडिलांनीही ती घरी मुलांसोबत आधी वाचावी, आणि मुलांना जो प्रश्न पडेल तो त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून पाठवावा. दुरुस्त करू नका, हिंदी-मराठी मिसळलेलं चालेल. ज्यांना यायला जमत नाही त्यांनी प्रश्न ग्रुपवर न टाकता मला वेगळा पाठवावा, नाहीतर मोठी माणसं आधीच उत्तर देऊन टाकतात. प्रसादाची सेवा या वेळी कोणाकडे आहे, ते शनिवारपर्यंत कळवा.